धावपटू विल्मा रुडॉल्फ आणि तिला घडविणारी माणसे

१९६० सालच्या सप्टेंबर महिन्यात रोम शहरी ऑलिंपिक सामने भरले होते. त्या सामन्यांत अमेरिकेच्या एका वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने सात दिवसांत तीन सुवर्णपदके जिंकली. शंभर मीटर, दोनशे मीटर आणि चौघींची रिले शर्यत. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. तिचे नाव विल्मा रुडॉल्फ. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय दुबळा झाला होता आणि बारा वर्षांची होईपर्यंत त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधावा लागत होता.

ही हकिकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. मुलांच्या पुस्तकांतून ती सांगितली जाते, पण बहुधा चमत्कार म्हणून सांगितली जाते. पांगळी मुलगी उठली आणि जगात सर्वांत वेगाने धावली, एवढेच मुलांच्या लक्षात राहते. आम्हाला मात्र त्यात चमत्कार दिसत नाही. त्यात एका आईचे कष्ट दिसतात, एक इस्पितळ दिसते, एक शाळा दिसते आणि एक गरीब विद्यापीठ दिसते. हे इस्पितळ, ही शाळा आणि हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांसाठी निघालेले होते, कारण गोऱ्यांच्या संस्थांची दारे त्यांना बंद होती. विल्माचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते याच अंगाने.

घर आणि आजार

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाजवळ झाला. दिवस पुरे भरण्याआधीच ती जन्मली, तेव्हा तिचे वजन जेमतेम दोन किलो होते. वडील एड रुडॉल्फ रेल्वेत हमाली करीत. आई ब्लँच गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि स्वयंपाकपाण्याची कामे करी. वडिलांची दोन लग्ने झालेली होती आणि दोन्ही मिळून बावीस मुले. त्यांत विल्मा विसावी. घरात पैसा नव्हता, पण माणसे भरपूर होती, आणि पुढे तीच माणसे उपयोगी पडली.

जन्मापासून हे लेकरू आजारी. न्यूमोनिया झाला, तापाच्या साथी आल्या, आणि पाच वर्षांची होण्याच्या सुमारास पोलिओ झाला. आमच्या वाचकांना या रोगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. आपल्या मॉरिशस बेटावरही १९४५ साली पोलिओची मोठी साथ आली होती आणि कितीतरी घरांतली मुले तिने अधू केली होती. त्या काळी या रोगावर लस नव्हती. मूल वाचले तरी हात किंवा पाय कायमचा जाई. विल्मा पुन्हा चालेल याची खात्री डॉक्टरांना देता येईना. आईने मात्र मुलीला सांगितले की तू चालशील, आणि मुलीने आईवर विश्वास ठेवला.

पण विश्वासाने पाय बरा होत नाही. त्यासाठी उपचार लागतात, आणि त्या दिवसांत टेनेसी राज्यात कृष्णवर्णीय मुलाला उपचार मिळणे सोपे नव्हते. इस्पितळे, शाळा, बसमधील जागा, खाणावळी, पाण्याचे नळसुद्धा गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. विल्माच्या पायावर इलाज होऊ शकेल असे ठिकाण होते नॅशव्हिल शहरात, क्लार्क्सव्हिलपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर. ते म्हणजे मेहारी वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ. हे महाविद्यालय १८७६ साली, गुलामगिरी संपल्यानंतर थोड्याच वर्षांनी, कृष्णवर्णीय डॉक्टर तयार करण्यासाठी सुरू झाले होते. दक्षिणेतील राज्यांत काळ्या लोकांची सेवा करणारे असंख्य डॉक्टर तेथूनच शिकून बाहेर पडले.

आई दर आठवड्याला मुलीला घेऊन बसने नॅशव्हिलला जाई. बसमध्ये त्यांची जागा मागच्या बाजूला. हा क्रम सुमारे दोन वर्षे चालला. इस्पितळात पायाला शेक देत, मालीश करीत, आणि घरी रोज चार वेळा मालीश करायला सांगत. चार वेळा मालीश करायला आईला वेळ कोठला? तेव्हा आईने मोठ्या मुलामुलींना ते शिकविले आणि पाळ्या लावून दिल्या. कधी बहीण, कधी भाऊ, कधी आई स्वतः, असे वर्षानुवर्षे त्या पायाला हात लागत राहिले. पुढे ज्या पायाने जगाचे विक्रम मोडले तो असा घरातल्या सगळ्यांनी मिळून उभा केलेला होता.

आजारपणामुळे विल्मा शाळेत उशिरा गेली. १९४७ साली ती दुसरीच्या वर्गात बसली. पायाला लोखंडी आधार आणि त्यासाठी खास जड बूट. मुले चिडवीत. बाराव्या वर्षापर्यंत हळूहळू तो आधारही सुटला आणि बूटही. घरच्या अंगणात भाऊ बास्केटबॉल खेळत, त्यांत ही अनवाणी पायांनी घुसू लागली. इतकी वर्षे बसून दुसऱ्यांचे धावणे पाहिलेल्या मुलीला आता एका जागी बसवत नव्हते.

शाळेचे मैदान

क्लार्क्सव्हिलमधील कृष्णवर्णीय मुलांच्या बर्ट हायस्कूलमध्ये विल्मा बास्केटबॉल खेळू लागली. तेथील शिक्षक क्लिंटन ग्रे यांनी तिला स्कीटर असे टोपणनाव दिले. स्कीटर म्हणजे डास. सतत भिरभिरणारी, एका ठिकाणी न टिकणारी ही उंच सडपातळ पोर पाहून त्यांना तेच नाव सुचले. एका हंगामात तिने ८०३ गुण केले आणि शाळेतील मुलींचा राज्याचा विक्रम मोडला.

शाळांच्या या सामन्यांत पंच म्हणून एड टेंपल नावाचे गृहस्थ येत असत. ते नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत आणि मुलींच्या धावण्याच्या संघाचे मार्गदर्शक होते. बास्केटबॉल खेळणाऱ्या या मुलीची झेप आणि तिचे लांब पाय त्यांनी हेरले आणि उन्हाळ्याच्या सुटीत विद्यापीठातील सराव शिबिराला तिला बोलाविले.

येथे थोडे थांबून या विद्यापीठांविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे नीट समजणार नाही.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली, पण दक्षिणेतील राज्यांनी कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या विद्यालयांत घेतले नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी विद्यालये निघाली. काही मिशनऱ्यांनी काढली, काही राज्य सरकारांनी, काही त्यांच्याच समाजातील पुढाऱ्यांनी. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील संस्था बुकर वॉशिंग्टन यांनी १८८१ साली उभारली. टेनेसी स्टेट १९१२ साली सुरू झाले. पैसा कमी, इमारती अपुऱ्या, पण शिक्षक जीव ओतून शिकविणारे.

मुलींच्या धावण्याच्या बाबतीत या विद्यालयांनी एक वेगळेच काम केले. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक गोऱ्या महाविद्यालयांत धावणे आणि उड्या मारणे हे स्त्रीला न शोभणारे मानले जाई. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाल्यावर वृत्तपत्रांनी इतका गहजब केला, की ती शर्यतच पुढे १९६० पर्यंत बंद राहिली. अशा काळात टस्कीगीचे क्रीडाशिक्षक क्लीव्हलँड ॲबट यांनी १९२९ पासून आपल्या संस्थेच्या क्रीडामेळ्यात मुलींच्या शर्यती ठेवल्या आणि मुलींचा संघ बांधला. १९३७ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक वेळा टस्कीगीच्या मुलींनी जिंकले.

टस्कीगीला शिकलेल्या ॲलिस कोचमन यांनी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकणारी ती जगातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री. लंडनमध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून तिला पदक मिळाले. पण जॉर्जिया राज्यातील आपल्या ऑल्बनी गावी ती परतली तेव्हा सत्काराच्या सभागृहात गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला बसविले होते. व्यासपीठावर बसलेल्या नगराध्यक्षाने तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. बारा वर्षांनी असाच प्रसंग विल्मावर येणार होता.

टेंपल यांची शिस्त

टस्कीगीनंतर मुलींच्या धावण्याची धुरा टेनेसी स्टेटकडे आली. या विद्यापीठाच्या संघांचे चिन्ह वाघ, म्हणून मुलींच्या संघाला टायगरबेल्स असे नाव पडले. बेल म्हणजे सुंदरी, हे फ्रेंच जाणणाऱ्या आमच्या वाचकांना सांगायला नको. वाघासारख्या धावा पण आपले स्त्रीपण सोडू नका, असा त्या नावाचा अर्थ. मुलींनी धावावे की नाही यावर वाद घालणाऱ्या जगाला टेंपल यांनी दिलेले ते उत्तरच होते.

नाव मोठे, पण साधने तुटपुंजी. सरावाचे मैदान खडबडीत मातीचे, त्यावर धड रेषाही आखलेल्या नव्हत्या. परगावच्या शर्यतींना टेंपल मुलींना स्वतःच्या मोटारीत बसवून नेत. वाटेतील खाणावळीत काळ्यांना वाढत नसत, म्हणून जेवणाचे डबे बरोबर असत. मुतारीसाठी कोठे थांबायचे हाही प्रश्न असे आणि पुष्कळदा रस्त्याच्या कडेच्या शेताचाच आसरा घ्यावा लागे. अशा प्रवासानंतर गाडीतून उतरायचे आणि धावून जिंकायचे.

टेंपल यांचे नियम कडक होते. अभ्यास आधी, धावणे नंतर. वर्गात गुण कमी पडले तर संघात जागा नाही. धावण्यासाठी शिष्यवृत्ती नव्हती. मुलींना विद्यापीठात रोज दोन तास काम करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या जादा फेऱ्या. एकदा विल्माला झोप लागून अर्धा तास उशीर झाला. तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या अर्धा तास आधी मैदानावर हजर होती.

विल्माचे सुरुवातीचे यश सरळ चालून आलेले नाही. शाळेत असताना टस्कीगीच्या मोठ्या मेळ्यात ती गेली आणि प्रत्येक शर्यत हरली. नुसत्या अंगच्या वेगावर भागत नाही, सुटायचे कसे, श्वास कसा राखायचा, शेवटच्या काही पावलांत शरीर कसे सैल ठेवायचे, हे सारे शिकावे लागते, असे तिला तेथे उमगले. १९५६ च्या उन्हाळ्यात टेंपल यांच्या शिबिरात ती हे शिकली. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत कनिष्ठ गटात उतरून तिने नऊच्या नऊ शर्यती जिंकल्या.

टायगरबेल्समध्ये मे फॅग्ज नावाची अनुभवी धावपटू होती. उंचीने लहान, पण तोपर्यंत दोन ऑलिंपिक खेळलेली. तिने या लाजाळू मुलीला पंखाखाली घेतले. मैत्रिणींना मागे टाकायला विल्मा संकोचत असे. तो संकोच मे फॅग्जने घालविला. १९५६ साली दोघी मिळून मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेल्या. विल्मा सोळा वर्षांची, संघात सर्वांत लहान. दोनशे मीटरमध्ये ती प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. पण रिले शर्यतीत अमेरिकेला कांस्यपदक मिळाले आणि त्या चौघी, मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, इझाबेल डॅनिएल्स आणि विल्मा, चारही जणी टेंपल यांच्या मुली होत्या. एवढ्या मोठ्या देशाचा संघ एका गरीब विद्यापीठाच्या मैदानावर तयार झाला होता.

एक कठीण वर्ष

१९५८ साली, शाळेचे शेवटचे वर्ष चालू असताना, विल्माला दिवस गेले. लग्न झालेले नव्हते. त्या वर्षी तिला मुलगी झाली, योलांडा. अशा प्रसंगी किती मुलींचे शिक्षण तेथेच संपते हे आपण सर्वच जाणतो. टेंपल यांचाही नियम होता की आई झालेल्या मुलीला संघात घ्यायचे नाही. पण हा नियम त्यांनी विल्मासाठी बाजूला ठेवला. तिच्या घरच्यांनी बाळ सांभाळले आणि त्याच वर्षी विल्मा विद्यापीठात दाखल झाली.

आम्हाला वाटते, विल्माच्या आयुष्यातील खरा वळणबिंदू हाच. पोलिओशी झुंज सर्वांना ठाऊक आहे, तिचे कौतुकही सर्वांनी केले. ही दुसरी अडचण मात्र अशी होती की तिच्यात लोक कौतुक करीत नाहीत, बोट दाखवितात. तेव्हा आईवडिलांनी आणि गुरूने तिला घरी बसविले असते तर जगाला विल्मा रुडॉल्फ हे नाव कळलेच नसते. शिस्तीचा कडक माणूस कोणत्या वेळी नियम वाकवितो, यावर त्याची पारख होते.

रोम, १९६०

पुढची दोन वर्षे विल्माने अभ्यास, काम आणि सराव यांत घालविली. जुलै १९६० मध्ये टेक्सास राज्यात तिने दोनशे मीटरचे अंतर २२.९ सेकंदांत कापले. तेवीस सेकंदांच्या आत हे अंतर धावणारी ती पहिली स्त्री. रोमला अमेरिकेच्या महिला संघाचे मार्गदर्शक म्हणून एड टेंपल यांचीच नेमणूक झाली होती.

रोममध्ये पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी गवतावर धावताना विल्माचा पाय खड्ड्यात गेला आणि घोटा मुरगळला. पाय सुजला. पट्टी बांधून ती रात्र काढली. पण एक बरे होते. वळणावर घोट्यावर ताण येतो, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत वळण नसते.

उपान्त्य फेरीत विल्माने ११.३ सेकंदांची जागतिक विक्रमाची बरोबरी केली. अंतिम शर्यतीआधी ती निवांत झोपली होती. स्पर्धेच्या गडबडीत डोळा लावणे ही तिची सवयच होती. २ सप्टेंबरला अंतिम शर्यत झाली. तिने ११.० सेकंदांत ती जिंकली. दुसरी आलेली इंग्लंडची डॉरोथी हायमन बरीच मागे होती. पाठीवर वारा नियमापेक्षा जास्त असल्यामुळे तो विक्रम म्हणून नोंदला गेला नाही, पण पदक तिचेच होते. ५ सप्टेंबरला दोनशे मीटर. या वेळी वारा समोरून होता. तरी २४.० सेकंदांत तिने जर्मनीच्या युटा हाइनेला सहज मागे टाकले.

तिसरी शर्यत ८ सप्टेंबरला, रिले. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटी विल्मा. या चौघीही टेनेसी स्टेटच्या. उपान्त्य फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. अंतिम शर्यतीत बार्बराकडून दांडू घेताना विल्माचा हात चुकला. दांडू पडता पडता वाचला. तेवढ्यात जर्मनीची मुलगी पुढे गेली. विल्माने तिला गाठले, ओलांडले आणि शर्यत ४४.५ सेकंदांत संपली.

त्या वर्षी धावणे, फेकणे आणि उड्या या प्रकारांत अमेरिकेच्या स्त्रियांना मिळालेली सगळी सुवर्णपदके ही तीनच, आणि तिन्ही टेनेसी स्टेटच्या मुलींनी आणलेली. पुरुषांत लांब उडीचे सुवर्णपदक मिळविणारा राल्फ बॉस्टनही याच विद्यापीठाचा. रोमचे सामने युरोपभर दूरचित्रवाणीवर थेट दाखविले गेले होते, त्यामुळे ही उंच, हसरी मुलगी घरोघरी पोचली. इटलीच्या लोकांनी तिला काळी हरिणी म्हटले, फ्रेंच वृत्तपत्रांनी काळा मोती.

क्लार्क्सव्हिलची मेजवानी

आता बारा वर्षांपूर्वीची ऑल्बनीची गोष्ट आठवावी. क्लार्क्सव्हिललाही विल्माच्या सत्काराची तयारी सुरू झाली. राज्याचे त्या वेळचे गव्हर्नर वर्णभेदाचे समर्थक होते, आणि गावात आजवर जसे होत आले तसेच होणार होते. गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी. विल्माने सांगितले की असे असेल तर मी येणार नाही.

वीस वर्षांची मुलगी, हमालाची आणि मोलकरणीची लेक, पदरी मूल, शिक्षण अजून अपुरे. तिच्यामागे ना पैसा होता ना पक्ष. होती ती फक्त तीन पदके, आणि ती तिने या कामी लावली. गावाला तिच्याशिवाय सोहळा करता येईना. शेवटी ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलच्या इतिहासात प्रथमच गोरे आणि काळे एका मिरवणुकीत रस्त्याच्या दुतर्फा एकत्र उभे राहिले आणि रात्री मेजवानीला एका सभागृहात एकत्र जेवले. सुमारे अकराशे माणसे त्या पंगतीला होती.

वाचकहो, आपल्या लोकांना पंगतीचे महत्त्व कोणी शिकवायला नको. कोण कोणाच्या शेजारी बसून जेवतो यावर आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या माणसांची पायरी ठरविली गेली आहे. म्हणून या मेजवानीचे मोल आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावे.

अर्थात एका रात्रीने गाव बदलले नाही. १९६३ सालच्या मे महिन्यात विल्मा सरकारच्या वतीने पश्चिम आफ्रिकेचा दौरा करून परतली. सेनेगलची राजधानी डकार येथील क्रीडामेळ्याला ती पाहुणी होती, आणि घाना, गिनी, माली या देशांतही तिचे स्वागत झाले होते. घरी आल्यावर तिच्याच गावातील एका उपाहारगृहात तिला आणि तिच्याबरोबरच्या तरुणांना आत घेतले नाही. त्यांनी तेथे निदर्शने केली. परदेशी राष्ट्रप्रमुख जिचे स्वागत करतात तिला गावात चहा मिळत नाही, ही लाज गावाला सोसवेना. थोड्याच दिवसांत नगराध्यक्षांनी गावातील सार्वजनिक ठिकाणे आणि उपाहारगृहे सर्वांना खुली असल्याचे जाहीर केले.

पदकानंतरचे दिवस

१९६१ साली विल्माने स्टुटगार्टला शंभर मीटरचा ११.२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिला भेटीस बोलाविले. १९६२ साली रशियाविरुद्धच्या सामन्यात शंभर मीटर आणि रिले या दोन्ही शर्यती जिंकून तिने बूट उतरवून ठेवले. वय बावीस. पुढच्या ऑलिंपिकला हरून लोकांच्या मनातले चित्र बिघडविण्यापेक्षा जिंकता जिंकता थांबावे, असा तिचा विचार होता.

ऑलिंपिकचे त्या काळचे नियम असे होते की खेळाडूने खेळातून एक पैसाही मिळवायचा नाही. त्यामुळे जगप्रसिद्ध विल्माच्या हाती पैसा नव्हता. हाती होती ती पदवी. १९६३ साली तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि क्लार्क्सव्हिलमध्ये ज्या शाळेत ती उशिरा दाखल झाली होती तेथेच शिक्षिका म्हणून गेली. बर्ट हायस्कूलच्या मुलींना तिने धावणे शिकविले. पहिला विवाह टिकला नव्हता. त्याच वर्षी तिने योलांडाचे वडील रॉबर्ट एल्ड्रिज यांच्याशी लग्न केले. तिला चार मुले झाली. हा संसारही १९८० साली मोडला. नोकरीसाठी तिला अनेक शहरे बदलावी लागली आणि पैशाची चणचण पुष्कळ वर्षे राहिली. १९७७ साली तिने आत्मचरित्र लिहिले आणि त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला. १९८१ साली तिने इंडियानापोलिस येथे स्वतःच्या नावाची संस्था काढून गरीब मुलांना खेळ आणि अभ्यास दोन्ही शिकविण्याचे काम सुरू केले.

१२ नोव्हेंबर १९९४ रोजी कर्करोगाने विल्माचे निधन झाले. वय अवघे चौपन्न. क्लार्क्सव्हिलमधील एका मोठ्या रस्त्याला आज तिचे नाव आहे, गावात पुतळा आहे आणि टेनेसी स्टेट विद्यापीठातील मुलींच्या एका वसतिगृहालाही तिचे नाव दिले आहे. २००४ साली अमेरिकेने तिचे टपाल तिकीट काढले.

मागे राहिले ते

विल्मा थांबली तरी तिचा दांडू पडला नाही. १९६४ साली टोकियोला टेंपल यांच्याच वायोमिया टायस हिने शंभर मीटर आणि ईडिथ मॅग्वायर हिने दोनशे मीटर जिंकली. वायोमियाने १९६८ साली मेक्सिकोत पुन्हा शंभर मीटर जिंकून दाखविली. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये हे पदक राखणारी ती जगातील पहिली व्यक्ती, स्त्री-पुरुषांत मिळून पहिली. त्याच वर्षी मॅडलिन मॅनिंग हिने आठशे मीटर जिंकली, म्हणजे स्त्रियांना झेपणार नाही म्हणून कधी काळी बंद केलेली तीच शर्यत. १९८४ साली चँड्रा चीझबरो हिने दोन्ही रिले शर्यतींत सुवर्णपदक मिळविले आणि पुढे ती टेनेसी स्टेटचीच मार्गदर्शक झाली. चाळीसहून अधिक वर्षांच्या सेवेत एड टेंपल यांच्या हाताखालून चाळीस ऑलिंपिक खेळाडू गेल्या. त्यांनी २३ पदके मिळविली, त्यांत १३ सुवर्ण. पण टेंपल यांना अभिमान होता तो आणखी एका गोष्टीचा. त्या खेळाडूंपैकी जवळजवळ सगळ्यांनी पदवी पुरी केली. २०१६ साली ते वारले.

काळ पालटला तसे या विद्यापीठांचे दिवसही पालटले. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे उघडली. १९७२ साली शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला आणि श्रीमंत विद्यापीठे गुणी कृष्णवर्णीय मुलींना शिष्यवृत्त्या देऊन नेऊ लागली. मुलींच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण ज्या लहान विद्यालयांनी कोणी विचारीत नव्हते तेव्हा या मुलींना वाढविले, ती पदकांच्या यादीत मागे पडली. आणि त्यांची आबाळही थांबली नाही. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने टेनेसी राज्याला पत्राने कळविले की आधीच्या सुमारे तीन दशकांत टेनेसी स्टेट विद्यापीठाला राज्यातील गोऱ्यांच्या जुन्या विद्यापीठाच्या मानाने दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली.

आपल्या बेटावर आपले पूर्वज आले तेव्हा त्यांच्यासाठीही कोणी शाळा बांधून ठेवलेल्या नव्हत्या. बैठकीत, दिव्याच्या उजेडात, ज्याला चार अक्षरे येत त्याने दुसऱ्याला शिकविली. म्हणून टस्कीगीची आणि टेनेसीची ही हकिकत आपल्याला परकी वाटू नये. विल्माचे नाव घेताना तिच्या पायाला मालीश करणाऱ्या भावंडांचे, बसमध्ये मागे बसून जाणाऱ्या आईचे आणि रेषा नसलेल्या मैदानावर घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या टेंपल यांचेही नाव घ्यावे. आणि घरातील एखादी मुलगी धावू पाहत असेल तर तिला धावू द्यावे, मात्र तिचे पुस्तक सुटू देऊ नये. एखाद्या मुलीचे पाऊल मध्येच अडखळले तर तिला घरी बसविण्याआधी १९५८ सालची विल्मा आठवावी, एवढीच आमची विनंती आहे.